कामगाराचा निष्काळजीपणा, साहेबांचा निर्णय

माझी सगळी नोकरी दोष काढण्यात गेली. आमच्या रहाटणीच्या सोसायटीच्या सभेत मी एकदा हे सहज बोलून गेले, तर शेजारचे काका म्हणाले, "तरीच! लिफ्टचा आवाज फक्त तुम्हालाच ऐकू येतो." तेव्हापासून गच्चीची गळती असो की जिन्यातला दिवा, आधी मला दाखवतात. फुकटात.

ज्यांना कारखाना आतून माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चाकणच्या ज्या कंपनीत मी होते तिथे अ‍ॅल्युमिनियम वितळवून ते मोठ्या दाबाने साच्यात भरतात आणि दुचाक्यांचे लहानमोठे भाग बनवतात. आमचा माल जवळच्याच एका मोठ्या कंपनीत जातो, तिथे गाडी जोडली जाते. आम्ही बनवणारे, ते गिऱ्हाईक. आणि बनवणारे आणि गिऱ्हाईक यांच्या मधोमध उभं राहायचं ते आमचं खातं, क्वालिटी. खराब माल पुढे जाऊ द्यायचा नाही, एवढंच काम. उत्पादनवाल्यांना वाटतं आम्ही अडवतो, गिऱ्हाइकाला वाटतं आम्ही सोडतो. दोघांच्याही शिव्या एकाच दिवशी खाल्ल्या की समजायचं, काम बरं चाललंय.

आत्ता मी "खराब माल" लिहिलं खरं, पण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझे वरिष्ठ देशमाने सर यांनी तो शब्द माझ्यापुरता बंद केला होता. मी एका भागावर चिठ्ठी लावली होती, "खराब." सरांनी ती चिठ्ठी हातात धरून विचारलं, "बाई, हा भाग वाईट चालीचा आहे का? दारू पितो का? मग खराब म्हणजे काय? चरा आहे की पोचा? तडा आहे की नुसती सुरकुती? कुठं आहे, केवढा आहे? जे दिसतं ते लिहायचं. मत आपल्या घरी."

वस्तूच्या दोषांना आमच्याकडे शब्दांची कमी नाही. धातू थंड पडत पडत साच्यात शिरला की अंगावर सुरकुती येते. आत हवा कोंडली की फोड येतो. साच्याच्या फटीतून धातू बाहेर आला की कडेला पापुद्रा राहतो. ओरखडा वेगळा, चरा वेगळा. चरा नखाला लागतो. हे शब्द मला नवे नव्हते. माझे वडील पिंपरीच्या एका फाउंड्रीत साचे भरायचे आणि कामावरची भाषा घरी घेऊन यायचे. आईची भाकरी नीट फुगली नाही की म्हणायचे, "आज कास्टिंग थंड पडलंय." आई म्हणायची, "मग रिजेक्ट करा, मी खाते."

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, फिजिक्स घेऊन. मला बघायला यायला लागले तेव्हा एका पाहुण्यांनी वडिलांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "मुलीत काही खोट बिट?" वडील म्हणाले, "पदवीधर आहे. तेवढी एक चालत असेल तर बोला." ते पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. माणसाच्या बाबतीत 'खोट' काय नि 'गुण' काय, हे बघणाऱ्यावर असतं. वस्तूचं तसं नसतं. तडा म्हणजे तडा, कुणीही बघा. मला हे खातं मानवलं त्याचं कारण हेच असावं.

पण माणसं सुटत नाहीतच. गिऱ्हाइकाकडून तक्रार आली की तिचं उत्तर लिहावं लागतं. त्या उत्तराची एक ठरलेली पद्धत आहे. 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारायचा आणि दोषाच्या मुळापर्यंत जायचं. पद्धत चांगली आहे, मी नव्या पोरींना स्वतः शिकवलेली आहे. अडचण अशी की आपल्याकडे ते 'का' उतारावरून सोडलेल्या चाकासारखे एकाच ठिकाणी जाऊन थांबतात. दोष पुढे का गेला? तपासणीत सुटला. का सुटला? दिसला नाही. का दिसला नाही? लक्ष नव्हतं. लक्ष का नव्हतं? कामगाराचा निष्काळजीपणा. पाचवा 'का' विचारायची वेळच येत नाही. उपाय काय केला? कामगारास समज देण्यात आली. गिऱ्हाईक खूष, तक्रार बंद. चाकणपासून भोसरीपर्यंत कुठल्याही कंपनीत जा, हे वाक्य तुम्हाला सापडेल.

नोकरीत मुरल्यावर माझ्या लक्षात आलं की 'निष्काळजीपणा' हा शब्द एका पायरीच्या वर चढत नाही. तीच गोष्ट सुपरवायझरकडून झाली तर 'नजरचूक' होते. मॅनेजरकडून झाली तर 'कम्युनिकेशन गॅप'. आणि मालकांकडून झाली तर तिला 'निर्णय' म्हणतात. मी हे एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलले तर सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मॅनेजर हसले.

आता संगीताची गोष्ट. ती सांगायची म्हणूनच हे लिहायला बसले.

संगीता चऱ्होलीची. तिथल्या एका जुन्या घरातली, ज्याच्या चहूबाजूंनी आता टॉवर उभे राहिलेत. आमच्याकडे ती ठेकेदारामार्फत लागली होती, शेवटच्या तपासणीवर. दिव्याखाली बसायचं, एकेक भाग हातात फिरवून बघायचा, ठीक असेल तर मार्करचा ठिपका द्यायचा आणि पुढे सरकवायचा. प्रत्येकीचा रंग ठरलेला. संगीताचा हिरवा. ठिपका कशासाठी? पुढे काही सापडलं तर कुणी सोडलं ते कळावं म्हणून. शाबासकी द्यायला त्या ठिपक्याचा उपयोग कुणी केल्याचं मला आठवत नाही.

ठेकेदाराची पोरं येतात जातात. संगीता मात्र टिकली होती, आणि त्या वर्षी कंपनीनं ठेक्यावरच्या काही जणींना कायम करायचं ठरवलं त्यात तिचं नाव होतं. कायम होणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. दर काही महिन्यांनी आता काढतात की ठेवतात ही धाकधूक संपणं, घरात आजारपण निघालं तर दवाखान्याचं कार्ड असणं, गेटवर ठेकेदाराच्या रांगेत उभं न राहता कंपनीचा ड्रेस घालून कंपनीच्या रांगेत उभं राहणं. तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. "पत्र हातात पडू द्या ताई, मग सांगते. आधी सांगून मग न्हाई झालं तर तोंड कुठं लपवू?"

आणि त्याच आठवड्यात तक्रार आली.

आमचा एक ब्रॅकेट होता, त्याला एका बाजूला पातळ कान असतो, त्यातून बोल्ट जातो. गिऱ्हाइकाच्या गाडी जोडायच्या लाइनवर काही ब्रॅकेटचे कान तडकलेले सापडले. त्यांच्या क्वालिटीचा त्रिपाठी नावाचा तरुण मुलगा होता, हुशार, आणि कायम घाईत. त्यानं फोटो पाठवले. प्रत्येक फोटोत तडा, आणि प्रत्येक कानावर हिरवा ठिपका. मागोमाग फोन. "मॅडम, ग्रीन डॉट किसका है? उसका नाम और रीट्रेनिंग का रिकॉर्ड भेज दीजिए. कल तक क्लोज करना है."

मी खाली गेले. संगीता मान वर न करता माल बघत होती. बातमी तिच्याआधी सगळ्या शॉपला, म्हणजे कारखान्याच्या खालच्या मजल्याला, कळली होती. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "हिचं ध्यान आता कंपनीच्या नव्या ड्रेसमध्ये." दोघीतिघी हसल्या.

"संगीता, फोटो बघितलास?"

"बगितला."

"मग?"

"ताई, ठिपका माझा हाय. तडा माझा न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी मी बगितलं तवा तो नव्हता. येवढा तडा मला दिसंना? आंधळी हाय का मी?" आवाज चढला तशी ती थांबली. मग हळू म्हणाली, "तुमी काय लिवनार?"

मी सांगितलं, आधी माल बघून येते. खरं तर बघून यायची गरज नव्हती. खुर्चीत बसून नेहमीचं वाक्य लिहिता आलं असतं. पण "आंधळी हाय का मी" हे मला लागलं होतं. आमच्या खात्यात एखादीला आंधळी ठरवणं म्हणजे तिची सगळी पुंजीच काढून घेणं.

गिऱ्हाइकाच्या गोदामात जाऊन मी तडकलेले ब्रॅकेट हातात घेतले. भिंगाखाली धरले. दोनतीन नगांवर तडा बरोबर ठिपक्यातून गेला होता, ठिपक्याचे दोन भाग करून. मी त्यातला एक कान चिमट्यात धरून तड्याच्या रेषेवरच मोडला. मोडलेला धातू आतून चकचकीत होता. शाईचा मागमूस नाही. तडा आधी असता तर ओल्या मार्करची शाई त्यात उतरली असती, भिंतीला रंग देताना भेगेत उतरतो तशी. इथे ठिपका आधी वाळला होता आणि तडा नंतर गेला होता. दुसरा मोडला, तिसरा मोडला. तेच. आणि प्रत्येक कानाच्या मागच्या बाजूला एक छोटा पोचा होता, काहीतरी आदळल्याचा.

काय आदळलं ते शोधायला लांब जावं लागलं नाही. आमचा माल प्लॅस्टिकच्या क्रेटमधून जातो. क्रेटमध्ये पुठ्ठ्याचे खण असायचे, प्रत्येक खणात एक ब्रॅकेट, म्हणजे एक दुसऱ्याला लागत नाही. मी न उघडलेलं एक क्रेट उघडलं. खण नव्हते. ब्रॅकेट एकमेकांच्या अंगावर रचलेले. आमच्या कंपनीपासून त्यांच्या गेटपर्यंतचा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

परत येऊन पॅकिंगला विचारलं, खण कुठे गेले? "साहेबांनी काढायला सांगितले मॅडम. खण नसले की क्रेटमध्ये जास्त माल बसतो, गाडीच्या फेऱ्या वाचतात."

साहेब म्हणजे आमचे मालक, कोठावळे साहेब. माणूस वाईट नव्हे. स्वतः इंजिनिअर, शॉपमध्ये बाही वर करून उभा राहणारा. मी नोकरीला लागले तेव्हापासून त्यांनी मला मान दिला, आणि मीही त्यांना कधी खोटं सांगितलं नाही. पण आजवर त्यांच्या निर्णयाला कागदावर दोष म्हणून कुणी लिहिलं नव्हतं.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले, टेबलावर मोडलेले कान ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी एक कान उचलून उजेडाला धरला.

"मॅडम, त्रिपाठीला एक कागद पाहिजे. निष्काळजीपणा लिहा, समज दिली लिहा. खण मी उद्यापासून परत टाकायला सांगतो. काम झालं की नाही?"

"मालाचं झालं. संगीताचं काय?"

"तिला कोण काय करतंय?"

"साहेब, ती कायम व्हायच्या यादीत आहे. हा कागद एचआरकडे जाणारच. तिथे निष्काळजी बाईला कुणी कायम करत नाही."

ते खुर्चीत मागे रेलले. "मग काय लिहिता? मालकाचा निष्काळजीपणा?"

"नाही. 'पॅकिंगच्या पद्धतीत केलेला बदल' असं लिहिते."

साहेब हसले. मनापासून हसले, तेच मला आवडलं. "वा! म्हणजे तिनं केलं असतं तर निष्काळजीपणा, आणि मी केलं तर बदल?"

"तुमच्या पदाला शोभेल असा शब्द शोधला."

"आणि गिऱ्हाइकानं विचारलं, बदल करताना आम्हाला का नाही विचारलंत?"

"विचारणारच. त्याचं उत्तर मात्र तुम्हाला द्यावं लागेल. माझ्याकडे नाही."

त्या गिऱ्हाइकावर आमची कंपनी चालत होती. न विचारता पॅकिंग बदलणं ही त्यांच्याकडे मोठी गोष्ट. काम काढून दुसऱ्याला देतील ही भीती काही खोटी नव्हती, आणि ते काम गेलं असतं तर फक्त साहेबांचं नव्हे, संगीतासकट निम्म्या शॉपचं गेलं असतं. ते त्यांना कळत होतं, मलाही. साहेब उठून खिडकीशी गेले. खाली गाडी भरत होते, बिनखणाची क्रेटं चढत होती. त्यांनी खिडकीतूनच ओरडून ती गाडी थांबवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहून आणा. सही करतो."

मी लिहिलं. माणसाचं नाव कुठेच घातलं नाही. मला वाटलं, झालं आपलं काम. जाता जाता संगीताला सांगावं म्हणून खाली गेले.

"तडा नंतर गेलाय. पॅकिंगमुळे. तुझं नाव कागदात नाही."

तिनं हातातला भाग खाली ठेवला. "कुठंच न्हाई?"

"कुठंच नाही."

मला वाटलं ती खूष होईल. ती म्हणाली, "मंग ह्या समद्यांना कसं कळायचं?" शेजारच्या टेबलांकडे तिनं हनुवटीनं दाखवलं. "फोटूत ठिपका माझा दिसला की न्हाई? नाव यायचं तवा ठिपक्यावरनं येतंया, आन जायचं तवा गुपचूप जातंया व्हय? मी बरोबर बगितलं व्हतं, हे लिवा की."

मी म्हटलं, "अगं, तक्रारीच्या कागदात तसं लिहायला जागा नसते."

"न्हाई कशी? येवढा मोठा कागद हाय."

मी बी.एस्सी. झालेली बाई, पण पद्धत अशी नसते, एवढंच मी सांगू शकले असते. आमच्या कागदात दोष कुठे, किती, कुणाचा, का, याला रकाने आहेत. कुणी आपलं काम चोख केलं होतं याला नाही. त्याची कधी कुणाला गरजच पडली नव्हती.

वर जाऊन मी तो कागद पुन्हा उघडला आणि शेवटी एक ओळ घातली: "अंतिम तपासणी योग्य होती, तडा तपासणीनंतर गेला असल्याचे शाईच्या ठिपक्यावरून सिद्ध होते. तपासणी: संगीता काळजे." साहेबांनी वाचून भुवया उंचावल्या. "हे गिऱ्हाइकाला कशाला?"

"गिऱ्हाइकाला नाही. आपल्याला."

त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी त्रिपाठीचा फोन आला. साहेबांना आणि मला त्यांच्याकडे बोलावलं होतं. तिथे साहेबांनी बरंच ऐकून घेतलं, मान खाली घालून. पुढचे काही महिने आमच्या प्रत्येक गाडीची तिकडे जास्तीची तपासणी झाली, आणि एका नव्या भागाचं काम आम्हाला मिळायचं होतं ते दुसऱ्या कंपनीला गेलं. साहेब मला एका शब्दानं बोलले नाहीत. पण पुढे काही दिवस ते माझ्या टेबलाशी चहाला थांबले नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. आपण योग्य केलं की सगळे आपल्यावर खूष होतात, असं काही नसतं.

त्या दिवशी तिथून निघताना त्रिपाठीनं मला मात्र बाजूला घेतलं. "मॅडम, वो लास्ट लाइन... ऐसा कोई लिखता नहीं है."

"आप लोग पूछते नहीं," मी म्हटलं.

कायम करायची पत्रं वाटायचा दिवस आला. एचआरमध्ये गोरे नावाचा मुलगा होता, नवीन, कामाला सरळ. त्यानं एकेकीला बोलावलं. संगीताची पाळी आली तेव्हा मी दुसऱ्या कामासाठी तिथेच बसले होते. गोरेनं तिचं पत्र काढलं, मग परत फाइलमध्ये ठेवलं.

"तुमचं जरा थांबवलंय. तुमच्या नावावर गिऱ्हाइकाची कंप्लेंट आहे ना? ब्रॅकेटची?"

मी तोंड उघडणार होते. कुठल्याही कागदात असं नव्हतं. पण शॉपमधलं बोलणं जिन्यानं वर चढलं होतं, आणि त्याला कागद लागत नाही. म्हणजे तिचं नाव गाळून मी तिला वाचवलं असं मला जे वाटलं होतं, ते पार चुकीचं होतं.

संगीतानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं मोबाइल काढला आणि गोरेच्या पुढ्यात धरला. त्या कागदाच्या शेवटच्या पानाचा फोटो होता, तिनं माझ्याकडून आठवणीनं मागून घेतलेला. गोरेनं तो मोठा करून वाचला, खाली साहेबांची सही बघितली, परत वाचला.

"अहो, हे आधी सांगायचं ना!"

"तुमी कवा इचारलं?" संगीता म्हणाली.

गोरेनं फाइलमधून पत्र काढलं. तिनं ते उभ्यानंच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, एकेक ओळीवर बोट ठेवून, दिव्याखाली माल बघते तसंच. मागे रांग खोळंबली होती. तिला त्याचं काही नव्हतं. सगळं वाचून झाल्यावर तिनं पेन मागितला.